नफा वाढला, तरी शेअर पडला. हे गणित कोणी समजावेल का?

कुर्टीकर
नमस्कार मंडळी. निमित्त जुनं आहे, प्रश्न आजचाच. १७ जानेवारी २०२४ ला एचडीएफसी बँकेचा शेअर एका दिवसात आठ टक्क्यांहून जास्त पडला. आदल्या संध्याकाळी तिमाहीचे निकाल आले होते. नफा १६,३७२ कोटी, म्हणजे वर्षभरापूर्वीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त. वडिलांनी विचारलं, "बँक बुडते काय रे?" म्हटलं, नाही, उलट नफा वाढलाय. "मग पडला कित्याक?" इथे माझी बोलती बंद.

दुसरं, उसगावची एमआरएफ. आमच्या ओळखीतली निम्मी माणसं तिथे कामाला होती किंवा आहेत. जून २०२३ मध्ये तिचा एक शेअर एक लाखाच्या वर गेला. टायर तेच, गेट तेच. एका शेअरला लाखभर रुपये हे ठरवतं कोण? आणि भाव पडतो तेव्हा आपले पैसे नेमके कोणाच्या खिशात जातात?

"डिमांड सप्लाय" एवढंच लिहून पळणाऱ्यांनी कृपा करून पळूच नये, पुढचंही लिहावं.

बेतीचो_तर
सोपं आहे. मी घेतला की पडतो, मी विकला की वाढतो. बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीला अजून पत्ता लागलेला नाही.

जुना_टर्मिनल
मडगावात सबब्रोकरच्या ऑफिसात आयुष्य गेलं, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर हक्काने लिहितो.

भाव ठरवणारा असा कोणी खुर्चीवर बसलेला नसतो. स्क्रीनवर दिसतो तो आकडा म्हणजे शेवटचा सौदा ज्या किमतीला झाला ती किंमत. बस्स. तो सौदा दहा शेअरचा असो की दहा लाखांचा.

पातळ काउंटर, म्हणजे ज्यात सौदे थोडे होतात असा शेअर, घेतला की हे चांगलं कळतं. होंडा, सत्तरीत बसच्या बॉड्या बांधणारी ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा आहे ना, ती बीएसईवर (मुंबई शेअरबाजारात) आहे, पण उलाढाल थोडी. समजा (आकडे समजावण्यापुरते, आजचा भाव म्हणून वाचू नका) शेवटचा सौदा १,५०० ला झालाय. घेणाऱ्यांच्या रांगेत १,४९० ला १५ शेअरची मागणी आहे, १,४७५ ला ४० ची आणि १,४५० ला १०० ची. आता कोणाच्या तरी मुलीचं लग्न निघालं आणि त्याने १०० शेअर मार्केट ऑर्डरने, म्हणजे मिळेल त्या भावाला, विकायला टाकले. पहिले १५ गेले १,४९० ला, पुढचे ४० गेले १,४७५ ला आणि उरलेले ४५ गेले १,४५० ला. स्क्रीनवर भाव १,४५०. तीन टक्क्यांहून जास्त घसरण, लाल रंगात.

त्या दिवशी होंड्यात बस तेवढ्याच बनल्या. एकही ऑर्डर रद्द झाली नाही. पडायला कारण काय, तर एका माणसाला घाई होती आणि समोर घेणारे कमी होते.

मोठ्या बँकेच्या काउंटरवर प्रत्येक पायरीला हजारो शेअर उभे असतात, तिथे १०० शेअरने पानही हलत नाही. तिथे आठ टक्के पडायचं तर मोठमोठ्या फंडांनी एकाच वेळी मत बदलावं लागतं. ते का बदललं हा तुमचा खरा प्रश्न, त्यावर इथल्या सीए मंडळींनी लिहावं.

कुर्टीकर
पात्रांव, हे झकास सांगितलंत. पण पैसे गेले कुठे? त्या ५० रुपयांच्या घसरणीत सगळ्याच भागधारकांचं नुकसान झालं ना? पेपरात छापतात, "गुंतवणूकदारांचे अमुक लाख कोटी बुडाले". ते कोणी नेले?

जुना_टर्मिनल
कोणी नेले नाहीत. लाख कोटी हा गुणाकार आहे. शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले कंपनीचे एकूण शेअर. १०० शेअर हात बदलतात आणि उरलेल्या लाखो शेअरना तोच भाव चिकटवला जातो.

आपल्याकडे जत्रेनंतर देवळात पावणी (लिलाव) होते. दोघे ईर्ष्येला पेटले की एक नारळ काही हजारांना जातो. म्हणून गावातल्या प्रत्येक माडावरचा नारळ तेवढ्याचा झाला असं कोणी धरत नाही. शेअरबाजारात मात्र तसंच धरतात.

तुमचे पैसे तर तुम्ही शेअर घेतलात त्याच दिवशी विकणाऱ्याकडे गेले. तेव्हापासून तुमच्याकडे शेअर आहे, पैसे नाहीत. आणि कंपनीला ह्या रोजच्या खरेदीविक्रीतून दमडी मिळत नाही. तिला मिळतात ते नवे शेअर काढते तेव्हा, आयपीओत (पहिल्यांदा लोकांना विकताना) किंवा राइट्समध्ये (जुन्या भागधारकांना देताना).

एमआरएफचंही ह्याच गुणाकारात आहे. तिचे एकूण शेअर जेमतेम ४२ लाख. कित्येक कंपन्यांचे शेकडो कोटी असतात. केक तेवढाच, तुकडे कमी केले की एकेक तुकडा मोठा दिसतो. लाखाचा शेअर "महाग" आणि वीस रुपयांचा "स्वस्त" हे डोक्यातून काढून टाका. ऑफिसात येणारी दहातली आठ माणसं ह्याच समजुतीने वीस रुपयांवाला मागायची.

शिवोलीची_सीए
एचडीएफसी बँकेबद्दल. कुर्टीकर, तुमची ती एक तृतीयांश वाढच मुळात फसवी तुलना आहे. १ जुलै २०२३ ला घरकर्जं देणारी एचडीएफसी लिमिटेड बँकेत विलीन झाली. वर्षभरापूर्वीचा आकडा एकट्या बँकेचा, जानेवारीत आलेला आकडा दोघांचा मिळून. दोन घरांचा पगार एका घराच्या पगाराशी ताडून पाहिला तर वाढ दिसणारच.

ज्यांच्या हातात लाखो शेअर होते त्यांनी नफ्याचा आकडा आधीच धरलेला होता. त्यांचं लक्ष दुसऱ्या दोन ओळींवर होतं. विलीनीकरणात घरकर्जांचा डोंगर बँकेत आला, पण त्या प्रमाणात ठेवी आल्या नाहीत. कर्जं ठेवींच्या ११० टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे पुढे कर्जवाटपाचा वेग आवरावा लागणार, नाहीतर महाग ठेवी गोळा कराव्या लागणार. आणि व्याजाचं मार्जिन (मिळालेल्या आणि दिलेल्या व्याजातला फरक) सुधारेल ही आशा होती, ते ३.४ टक्क्यांवरच बसलं होतं. त्या दोन ओळी वाचून लोकांनी पुढच्या दोनतीन वर्षांच्या वाढीचा अंदाज खाली आणला.

अंदाज खाली आला की काय होतं ते साध्या आकड्यांत. एका कंपनीची शेअरमागे कमाई १०० रुपये. लोकांना ती झपाट्याने वाढेल असं वाटतं, म्हणून ते ३० पट मोजतात. भाव ३,०००. वर्षाने कमाई ११० झाली, दहा टक्के वाढली. पण आता पुढची वाढ मंदावणार असं दिसतंय, म्हणून लोक २४ पटच मोजायला तयार आहेत. भाव २,६४०. नफा वर, शेअर खाली, आणि ह्यात कोणीही लबाडी केलेली नाही.

निकालाच्या दिवशी मी पहिल्यांदा हेच बघते, लोक काय धरून बसले होते आणि आलं काय. नफा चांगला की वाईट हे नंतर.

पणजी_जेटी
मग आमच्या मांडवीतल्या कॅसिनोंचं गणित सांगा. संध्याकाळी सातनंतर जेटीसमोरून स्कूटर काढणं मुश्कील. मनगटाला पट्टा बांधलेले पर्यटक, टॅक्सीवाल्यांची हुज्जत, बोटीकडे जाणाऱ्यांची रांग. कॅसिनो ओस पडलाय असं मी तरी पाहिलेलं नाही. तेच बघून आमच्या ऑफिसात अर्ध्यांनी कॅसिनोवाल्या डेल्टा कॉर्पचा शेअर घेतला होता, "समोर दिसतंय ना धंदा चाललेला!" आणि १२ जुलै २०२३ ला तो एका दिवसात वीस टक्क्यांहून जास्त आपटला. रांग त्या संध्याकाळीही तेवढीच होती हो.

शिवोलीची_सीए
रांग विक्री दाखवते. शेअरवाल्याला मिळतं ते विक्रीतून सगळे खर्च आणि कर गेल्यावर उरलेलं. ११ जुलैला जीएसटी परिषदेने ठरवलं की कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती आणि ऑनलाइन पैशांचे खेळ यांवर २८ टक्के कर लागणार, तोही पूर्ण दर्शनी मूल्यावर. कॅसिनोवाल्यांचं म्हणणं होतं, आमच्याकडे खरोखर उरतं तेवढ्यावरच घ्या. गिऱ्हाइकाने शंभर रुपये लावले, त्यातले बहुतेक जिंकणाऱ्यांना परत गेले, हाताशी थोडे राहिले, आणि कर शंभरावर. तुमच्या जेटीवरची माणसं तीच, पण प्रत्येक माणसामागे उरणारी रक्कम एका संध्याकाळीत बदलली.

त्यावर २२ सप्टेंबरला जुन्या वर्षांच्या कराची नोटीस आली, ११,१३९ कोटींची. त्या वेळी अख्ख्या कंपनीचं बाजारमूल्य त्याच्या निम्म्याहूनही कमी होतं. नोटीस म्हणजे निकाल नव्हे, कंपनी कोर्टात गेली. पण सोमवारी बाजार उघडल्यावर शेअर पुन्हा कोसळला. धोका खरा ठरण्याची शक्यतासुद्धा भावात धरली जाते.

बेतीचो_तर
थोडक्यात, कॅसिनोच्या आत हरणारे वेगळे आणि बाहेर राहून हरणारे वेगळे. 😀

दिचोलकार
सगळे वाचतोय. मला खाणवाल्या सेसा गोवाबद्दल लिहायचंय, जरा लांबेल.

आमच्या दिचोलीच्या खाणपट्ट्यात २००९ ते २०११ ह्या काळात ज्याच्या दारात ट्रक नाही त्याला मुलगी मिळायची नाही अशी परिस्थिती. चीनला खनिज जात होतं. आपलं खनिज हलक्या प्रतीचं, लोहाचं प्रमाण बरंचसं ५८ टक्क्यांच्या आत, इथल्या पोलाद कारखान्यांना नको असलेलं. पण चीनला तेही हवं होतं. २०११ च्या सुरुवातीला जागतिक भाव टनाला १९० डॉलरच्या घरात. बँका घरी येऊन ट्रकला कर्ज देत होत्या. नदीत बार्जला बार्ज लागलेला.

१० सप्टेंबर २०१२ ला सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदीच आणली. गावाला वाटलं, आभाळ अचानक कोसळलं.

आता सेसा गोवाच्या शेअरचा जुना तक्ता काढून बघा. एप्रिल २०१० मध्ये शिखर आहे. तिथून उतरण लागलेली, आणि खाणी बंद व्हायच्या आधीच तो निम्म्याच्याही खाली आलेला. कारणं एकामागून एक होती आणि सगळी पेपरात छापलेली. २०११ मध्ये कर्नाटकातलं खाणकाम न्यायालयाने थांबवलं, तिथे चित्रदुर्गला सेसाची खाण होती. बेकायदा खाणींच्या चौकशीसाठी शहा आयोग बसला होता. डिसेंबर २०११ च्या शेवटी लोहखनिजावरचं निर्यात शुल्क २० वरून ३० टक्क्यांवर गेलं. शिवाय खाणीची कंपनी केर्न ह्या तेलकंपनीत पैसे घालायला निघाली, तेही बऱ्याच जणांना रुचलं नाही.

म्हणजे मुंबईत बसून, दिचोली कुठे आहे हे नकाशावर शोधावं लागणारी माणसं शेअर विकत होती. आणि आम्ही, ज्यांच्या दारावरून धूळ उडवत ट्रक जात होते, त्याच महिन्यांत नव्या ट्रकचे हप्ते सही करत होतो. आम्हाला दिसत होत्या आजच्या खेपा. ते मोजत होते पुढच्या वर्षीच्या खेपा. मला शेअरबाजाराचं कौतुक नाही, पण तेव्हा कोणी तो तक्ता ट्रकवाल्यांच्या बैठकीत भिंतीला लावला असता तर काही घरं वाचली असती, असं मला अजून वाटतं.

सां_जुझे
@दिचोलकार, तक्ता लावला असता तरी कोणी बघितला नसता. तेजीत कोण बघतो?

बाकी एवढं पण म्हणायला हवं, भाव पडला म्हणजे संकट येणारच असंही नाही. शेअर उगाच पडून नंतर सावरल्याची उदाहरणं ढिगाने मिळतील. खाण बंद पडली म्हणून तुम्हाला तो तक्ता आठवतो.

दिचोलकार
मान्य. म्हणूनच कारणं लिहिली, नुसता तक्ता नाही.

फुकटचा_सल्ला
एवढी पांडित्यं कशाला? सगळा सट्टा आहे. मोठे मासे वर नेतात, मोठे मासेच खाली आणतात. ३ जून २०२४ ला सेन्सेक्स अडीच हजार अंश वर, ४ जूनला ४,३९० अंश खाली. एका रात्रीत देशातल्या कंपन्यांचं काय बदललं? काही नाही! उत्तर द्या.

शिवोलीची_सीए
बदललं ते मतमोजणीचं चित्र. एक्झिट पोलनी भरघोस बहुमत सांगितलं, ३ तारखेला भावात ते घातलं गेलं. ४ तारखेला आकडे तसे आले नाहीत, घातलेलं काढलं गेलं आणि भीतीने त्याहूनही जास्त काढलं गेलं. सरकार बनतंय हे नक्की झाल्यावर ७ जूनला सेन्सेक्स पुन्हा नव्या उच्चांकावर. भीती पसरली त्या दिवशी ज्यांनी विकलं त्यांचं नुकसान मात्र कायमचं झालं.

मोठे मासे असतातच. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी आपल्या बाजारातून ९४ हजार कोटींच्या आसपास काढून घेतले. त्यामागे बरीचशी बाहेरची कारणं, चीनचे शेअर स्वस्त वाटू लागले, अमेरिकेत रोख्यांवर व्याज चांगलं मिळू लागलं. त्यांनी विकताना तुमची कंपनी चांगली की वाईट हे एकेक करून पाहिलं नाही. त्याच महिन्यात आपल्याकडच्या एसआयपीतून (लोक दरमहा म्युच्युअल फंडात घालतात ते पैसे) २५ हजार कोटींवर आत आले, म्हणून पडझड आणखी वाढली नाही. हा ओघ आत आहे की बाहेर, यावरही भाव हलतो, कंपनीने काही न करता.

सट्ट्याबद्दल मात्र तुमच्याशी अर्धी सहमत. वायदे-ऑप्शन्समध्ये (पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत) २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत दर दहा वैयक्तिक ट्रेडर्समधले नऊहून जास्त तोट्यात गेले, हे सेबीनेच २०२४ मध्ये सांगितलंय. ९३ टक्के.

म्हावळिंगेची_सून
आमच्या दिचोलीत नेस्लेचा कारखाना आहे, तिथला २०१५ चा मॅगीचा किस्सा कोणी कसा लिहिला नाही? जूनमध्ये देशभर बंदी, त्या तिमाहीत कंपनीला ६४ कोटींचा तोटा, शेअर धडाधड खाली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली. तेव्हा शेजारचे काका म्हणायचे, शेअर पडला तो शिसं सापडलं म्हणून नव्हे, ही मॅगी लोक पुन्हा खातील की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं म्हणून. खाल्ली.

जुना_टर्मिनल
काकांना दंडवत. अनिश्चितता वाईट बातमीपेक्षा जास्त पाडते. वाईट बातमीचा निदान हिशेब मांडता येतो.

पणजी_जेटी
एक बाळबोध शंका. डिव्हिडंड मिळतो त्याच दिवशी शेअर पडतो. आमच्या एका मित्राला वाटलं, फुकटचे पैसे, आदल्या दिवशी घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी विकायचा.

जुना_टर्मिनल
एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही त्या दिवशी, शेअर साधारण लाभांशाएवढाच खाली उघडतो, कारण तेवढी रोख कंपनीतून बाहेर जाणार असते. वर लाभांशावर आयकर. मित्र घाट्यात. वेदांताने २०२२-२३ मध्ये पाच हप्त्यांत मिळून शेअरमागे १०१ रुपये ५० पैसे वाटले. लोक खूश. पण त्यातला दोन तृतीयांशाहून मोठा वाटा लंडनच्या मूळ कंपनीकडे गेला, तिला कर्ज फेडायचं होतं. अशा वेळी बाजार विचारतो की तिजोरीत उरलं काय.

बोनस आणि स्प्लिटचंही तसंच. एकाचे दोन झाले, भाव निम्मा झाला, "पडला रे पडला" म्हणून फोन करू नका.

सां_जुझे
आणि टेलिग्रामवाल्यांचं? आमच्या वाड्यावरच्या एकाला एका ग्रुपने आठ रुपयांचा शेअर घ्यायला लावला. रोज अप्पर सर्किट (दिवसभरात भाव वाढायची वरची मर्यादा), रोज स्क्रीनशॉट. मग एक दिवस लोअर सर्किट (खालची मर्यादा), आणि आता विकायला गेला तर घेणाराच नाही.

जुना_टर्मिनल
वर होंड्याचं उदाहरण दिलं ना, त्यात घेणाऱ्यांची रांग पूर्ण रिकामी आहे असं धरा. विकणारे लाखो, समोर शून्य. सर्किटमुळे त्या दिवशी भाव ठरावीक टक्क्यांखाली जाऊ शकत नाही, म्हणून सौदाच होत नाही. स्क्रीनवर सहा रुपये दिसतात, पण त्या सहाला कोणीही घेत नाही. वर नेताना ग्रुप चालवणारेच आपसात घेतविकत असतात. त्याला सांगा, रोज सकाळी प्री-ओपनमध्ये, म्हणजे बाजार उघडायच्या आधी, नऊला, ऑर्डर टाकत जा. रांगेत पुढे असलास तर एखाद्या दिवशी थोडे सुटतील.

कुर्टीकर
सगळ्यांचे देव बरें करूं. वडिलांना धागा वाचून दाखवला. ठेवींची ओळ त्यांना लगेच पटली, म्हणाले "सोसायटीचं पण असंच झालेलं." आता त्यांनी कपाटातून आजोबांच्या नावाचा सेसा गोवाचा कागदी शेअर काढलाय. आजोबा नाहीत. ती कंपनी तर आता नाहीच ना? रद्दी समजायची?

शिवोलीची_सीए
रद्दीत घालू नका! सेसा गोवाच २०१३ मध्ये स्टरलाईटच्या विलीनीकरणानंतर सेसा स्टरलाईट झाली आणि २०१५ मध्ये वेदांता लिमिटेड. तुमचा कागद म्हणजे वेदांताचे शेअर, मधल्या काळातले बोनस आणि स्प्लिट धरून संख्या वेगळी असेल. म्हणूनच २०१८ ला गोव्यातल्या खाणी पुन्हा बंद झाल्या तेव्हा ह्या शेअरचं नशीब आपल्या खनिजावर फारसं अवलंबून नव्हतं, जस्त, तेल आणि ॲल्युमिनियमवर होतं.

कागदावरचा फोलिओ नंबर घेऊन आधी कंपनीच्या रजिस्ट्रारला (भागधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) लिहा. सलग सात वर्षं लाभांश उचललेला नसेल तर शेअर आयईपीएफकडे (न उचललेले लाभांश आणि शेअर जातात तो सरकारी निधी) गेले असणार, ते फॉर्म आयईपीएफ-५ भरून परत मिळतात, वेळ लागतो. वारसासाठी आपल्याकडे स्पेशल नोटरीसमोर सक्सेशन डीड (वारस कोण हे ठरवणारा दस्त) होतं, ते आधी करून घ्या. बाहेरच्या राज्यातल्या रजिस्ट्रारच्या लोकांना गोव्याचा वारसा कायदा माहीत नसतो, आजीचा अर्धा हिस्सा आपोआप धरला जातो हे समजवायला दोन पत्रं जास्त लिहावी लागतात. आणि डीमॅट खातं (शेअर कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक ठेवायचं) उघडून ठेवा, एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकता येत नाहीत. आजी आहे ना अजून?

कुर्टीकर
आहे. ती विचारते, डीडवर अंगठा चालेल की सही पाहिजे.

शिवोलीची_सीए
अंगठा चालतो. साक्षीदार न्या, आणि सगळ्यांची ओळखपत्रं मूळ घेऊन जा.